राष्ट्रीय कार्यकारिणीत नेमकं ठरतं काय, आणि कुठे?

एका तरुण कार्यकर्त्याने विचारलं आहे: पक्षाची राष्ट्रीय कार्यकारिणी दोन दिवस बसते, बाहेर येऊन दोन ठराव वाचून दाखवते, मग ती करते तरी काय? तिथे मतदान होतं का? अध्यक्ष मोठा की कार्यकारिणी मोठी? आणि एरवी कुणी जिची फारशी दखल घेत नाही, तीच समिती पक्ष फुटला की न्यायालयात आणि निवडणूक आयोगापुढे इतकी महत्त्वाची का होते?

मी पक्षसंघटनेच्या कार्यालयीन बाजूला बरीच वर्षं काम केलं आहे. बैठकीच्या नोटिसा काढणं, विषयपत्रिका लावणं, ठरावांचे मसुदे टंकून घेणं, इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. म्हणून व्यासपीठाच्या बाजूने नाही, तर फायलीच्या बाजूने उत्तर देतो. माझं मत आधीच सांगतो. कार्यकारिणीचा अधिकार हात वर करण्यात फार कमी वेळा दिसतो. बैठक कोण बोलावतो, तिथे सभासद म्हणून कोण बसतो आणि बैठक संपल्यावर कागदावर काय उरतं, यात तो असतो. शांततेच्या काळात हे कुणी पाहत नाही. भांडण लागलं की सगळे तेच पाहतात.

पहिली गोष्ट, ही समिती येते कुठून? भारताच्या मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता. तो 1985 मध्ये 52व्या घटनादुरुस्तीने, पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीतून आला. पक्षांच्या नोंदणीचं कलम, म्हणजे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं 29-अ, त्यानंतरचं आहे. या कलमानुसार पक्षाला आपली घटना निवडणूक आयोगाकडे द्यावी लागते. पदाधिकारी, मुख्य कार्यालय, नाव यांपैकी काहीही बदललं तर तेही विनाविलंब कळवावं लागतं. पण त्या घटनेत कार्यकारिणी किती जणांची असावी, ती निवडून यावी की नेमली जावी, हे कायदा सांगत नाही. ते प्रत्येक पक्ष स्वतः ठरवतो. विधी आयोगाने 1999 च्या 170व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बांधून घ्यावी अशी शिफारस केली होती. ती अजून कायद्यात उतरलेली नाही.

रचनेचा सांगाडा मात्र बहुतेक पक्षांत सारखाच सापडेल. सर्वांत वर अधिवेशन, जे काही वर्षांनी भरतं. त्याखाली राष्ट्रीय परिषद किंवा महासमिती, जिच्यात शेकडो माणसं असतात आणि जी वर्षातून एखाद-दोन वेळा भरली तरी पुष्कळ. त्याखाली राष्ट्रीय कार्यकारिणी. आणि तिच्याही पोटात आणखी लहान मंडळ: भाजपमध्ये संसदीय मंडळ, कम्युनिस्ट पक्षांत पॉलिट ब्यूरो, आम आदमी पक्षात राजकीय व्यवहार समिती. तत्त्व असं की मोठ्या सभेने धोरण ठरवावं आणि दोन सभांच्या मधल्या काळात लहान समितीने तिच्या वतीने कारभार पाहावा. मोठी सभा जितकी विरळ भरते तितका अधिकार खाली झिरपतो. पक्षाचा कल कुठे आहे हे ओळखायचं असेल तर कुठली समिती किती वेळा भरते ते बघा.

आपल्याकडे ही पद्धत रुजली ती 1920 च्या नागपूर काँग्रेसपासून. त्याआधी काँग्रेस म्हणजे वर्षाकाठी डिसेंबरात भरणारं अधिवेशन. मधल्या काळात फार काही हलत नसे. असहकाराची चळवळ वर्षभर चालवायची तर वर्षभर चालणारी यंत्रणा हवी, म्हणून गांधीजींच्या पुढाकाराने नवी घटना आली. प्रांतिक समित्या भाषावार झाल्या आणि 15 जणांची कार्यसमिती, म्हणजे काँग्रेसची राष्ट्रीय कार्यकारिणी, नेमली गेली. ही व्यवस्था पुढे कशी चालायची ते 1942 मध्ये सर्वांत स्वच्छ दिसतं. ‘छोडो भारत’चा ठराव कार्यसमितीने 14 जुलैला वर्ध्यात केला. तो महासमितीपुढे मुंबईत ठेवला गेला आणि 8 ऑगस्टच्या रात्री गवालिया टँकवर मंजूर झाला. मसुदा लहान समितीचा, शिक्का मोठ्या सभेचा. दुसऱ्या दिवशी पहाटेच धरपकड झाली आणि कार्यसमितीची बहुतेक मंडळी अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवली गेली. पक्ष कुठून चालतो हे इंग्रज सरकारला पक्कं ठाऊक होतं.

आता सभासदत्वाकडे वळू, कारण खरी मेख तिथेच आहे. काँग्रेसच्या घटनेत कार्यसमितीला सर्वोच्च कार्यकारी अधिकार आहे. अनेक वर्षं तिची रचना अशी होती: अध्यक्ष, संसदेतला पक्षनेता आणि आणखी 23 जण. त्या 23 पैकी 12 महासमितीने निवडायचे, बाकीचे अध्यक्षाने नेमायचे. कागदावर हा चांगला तोल आहे, निम्मे खालून आलेले आणि निम्मे वरून नेमलेले. पण 12 जणांची निवडणूक झाली किती वेळा? अलीकडच्या काळातली दोन उदाहरणं सांगितली जातात, 1992 मध्ये तिरुपतीला आणि 1997 मध्ये कोलकात्याला. तिरुपतीत निवडणूक झाली, अर्जुन सिंग आणि शरद पवार चांगल्या मतांनी निवडून आले. पण निवडून आलेल्यांत एकही महिला नव्हती, अनुसूचित जाती-जमातींमधलं कुणी नव्हतं. तेव्हाचे पक्षाध्यक्ष नरसिंह राव यांनी त्याच मुद्द्यावर सगळ्यांचे राजीनामे घेतले आणि समिती नव्याने बनवली. सिंग आणि पवार तिच्यात आले, पण नेमलेले म्हणून. नावं तीच राहिली, अधिकाराचा उगम मात्र बदलला. निवडून आलेला सभासद अध्यक्षाला ‘मला महासमितीने पाठवलं आहे’ असं सांगू शकतो. नेमलेल्याला ते म्हणता येत नाही. पक्षांतर्गत लोकशाहीबद्दल मोठमोठी भाषणं ऐकण्यापेक्षा हा एक प्रसंग नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

फेब्रुवारी 2023 मध्ये रायपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने कार्यसमिती 35 जणांपर्यंत वाढवली. निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, महिला आणि तरुणांसाठी राखल्या. माजी पंतप्रधान आणि माजी पक्षाध्यक्षांना पदसिद्ध जागा दिली. त्याच अधिवेशनात कार्यसमितीची निवडणूक न घेता नेमणुकीचा अधिकार अध्यक्षांना द्यायचं ठरलं. खरगे यांनी 20 ऑगस्ट 2023 ला यादी जाहीर केली तेव्हा 39 सभासद आणि कायम व विशेष निमंत्रित धरून 84 नावं होती. हे खरगे स्वतः मात्र 2022 मध्ये प्रतिनिधींच्या मतदानाने, शशी थरूर यांच्या 1,072 मतांविरुद्ध 7,897 मतं मिळवून अध्यक्ष झाले होते. म्हणजे अध्यक्ष निवडून आलेला आणि त्याची समिती नेमलेली. ही जोडी अध्यक्षाचं वजन वाढवते.

भाजपच्या घटनेत हा प्रश्नच ठेवलेला नाही. अध्यक्ष आणि जास्तीत जास्त 120 सभासद, त्यांत किमान 40 महिला आणि 12 अनुसूचित जाती-जमातींचे, आणि सगळे अध्यक्षाने नेमलेले. ऑक्टोबर 2021 मध्ये जाहीर झालेल्या यादीत 80 सभासद, 50 विशेष निमंत्रित आणि 179 कायम निमंत्रित होते. निमंत्रितांचा हा आकडा बघून लोक गोंधळतात. सभासदाला मत असतं, निमंत्रिताला बोलता येतं पण मत नसतं. मुख्यमंत्री, माजी मुख्यमंत्री, प्रदेशाध्यक्ष, आघाड्यांचे प्रमुख, जुने-जाणते, नुकतेच दुसऱ्या पक्षातून आलेले, या सगळ्यांना खोलीत जागा द्यावी लागते. प्रांत, जात आणि गट यांचा तोल सांभाळावा लागतो. सभासदांची मर्यादा घटनेने बांधलेली असते, निमंत्रितांची सहसा नसते. यादी तयार होताना सर्वांत जास्त फोन येतात ते याच रकान्यासाठी. आणि यादीत नाव नसणं हा पक्षाने दिलेला निरोप असतो. 17 ऑगस्ट 2022 ला भाजपच्या 11 जणांच्या संसदीय मंडळाची फेररचना झाली, नितीन गडकरी आणि शिवराजसिंह चौहान त्यात नव्हते, तेव्हा महाराष्ट्रात किती चर्चा झाली ते आठवत असेल.

आता प्रत्यक्ष बैठक. बाहेरून दिसतं ते उद्घाटनाचं भाषण आणि समारोपाचं भाषण. आत क्रम ठरलेला असतो. हजेरीपत्रकावर सह्या, मग शोकप्रस्ताव, मग मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं, मग सरचिटणीसांचा अहवाल, राज्यांचे अहवाल, राजकीय ठराव, आर्थिक ठराव आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’. या शेवटच्या ओळीकडे नवखा माणूस दुर्लक्ष करतो. जुना माणूस सावरून बसतो तो तिथेच, कारण नोटिशीत नसलेला विषय आणायचा तर याच दारातून येतो. म्हणून मी नव्या सचिवांना नेहमी सांगत आलो: महत्त्वाचा विषय, विशेषतः कुणाला काढण्याचा किंवा घटना बदलण्याचा, ऐनवेळी घेऊ नका. घेतलात तर पुढे तो ठराव टिकवणं कठीण जातं.

राजकीय ठराव हा सगळ्यांत मोठा कागद. तो खोलीत जन्मत नाही. बैठकीच्या आठ-दहा दिवस आधी दोन-तीन जणांना मसुद्याचं काम दिलेलं असतं. पहिला मसुदा नेहमी लांब होतो, कारण प्रत्येकाला आपल्या राज्याचं एक वाक्य हवं असतं. मग तो अध्यक्षांकडे जातो, तिथून दोन-तीन ज्येष्ठांकडे, मग परत येतो. बैठकीच्या आदल्या रात्री जी ओढाताण चालते ती बहुतेक वेळा एकेका क्रियापदावर. एखाद्या मित्रपक्षाच्या निर्णयाचा ‘निषेध करते’, त्याबद्दल ‘चिंता व्यक्त करते’ की त्याची ‘नोंद घेते’, या तीन शब्दांत युती टिकते की तुटते हे ठरतं. ‘निषेध’ लिहिला की राज्यातल्या मंत्र्यांना उद्या पत्रकारांपुढे उत्तर द्यावं लागतं. ‘नोंद’ लिहिली की कार्यकर्ते विचारतात, मग आम्ही रस्त्यावर कशाला उतरलो होतो? ‘चिंता’ लिहून दोन्ही बाजू झोपायला जातात. दुसऱ्या दिवशी सूचक उठतो, अनुमोदक उठतो, दहा-बारा जण बोलतात, एखाद-दुसरी दुरुस्ती तोंडी मांडली जाते आणि सूचक ती ‘भावना लक्षात घेऊन’ स्वीकारतो किंवा मांडणाऱ्याला मागे घ्यायला लावतो. इतिवृत्तात ओळ येते: ‘सर्वानुमते मंजूर’. या ओळीमागे खरी चर्चा झालेली असू शकते किंवा अजिबात झालेली नसू शकते. ओळ दोन्ही वेळा तीच असते. म्हणून इतिवृत्त लिहिणाऱ्याने किमान कोण बोललं आणि कोणती दुरुस्ती मागे घेतली गेली एवढं तरी नोंदवावं, यासाठी मी आयुष्यभर आग्रह धरला.

आणखी एक ठराव तुम्हाला वारंवार भेटेल: ‘याबाबतचे सर्व अधिकार अध्यक्षांना देण्यात येत आहेत.’ मुख्यमंत्री कोण, उमेदवार कोण, युती कुणाशी, अशा प्रत्येक अवघड प्रश्नावर ही एक ओळ येते. ती बेकायदेशीर नाही. घटनेने अधिकार समितीला दिलेला असतो आणि समिती तो सोपवते. पण ती ओळ मंजूर करताना समितीने आपलं काम केलेलं नसतं, ते दुसऱ्याच्या हाती दिलेलं असतं, हे हात वर करणाऱ्याला कळायला हवं.

मतदान होतं का, याचं उत्तर पक्षागणिक बदलतं. डाव्या पक्षांत होतं आणि ते परिणामकारक असतं. 1996 मध्ये संयुक्त आघाडीने ज्योती बसूंना पंतप्रधानपद देऊ केलं. बसू तयार होते, माकपचे सरचिटणीस हरकिशनसिंग सुरजीतही अनुकूल होते. केंद्रीय समितीचं, म्हणजे त्या पक्षात कार्यकारिणीच्या जागी असलेल्या समितीचं, बहुमत विरोधात गेलं. आघाडीने फेरविचाराची विनंती केली, समितीने पुन्हा नाही म्हटलं आणि देवेगौडा पंतप्रधान झाले. बसूंनी पुढे या निर्णयाला ऐतिहासिक घोडचूक म्हटलं. निर्णय बरोबर की चूक यावर वाद घाला, पण पक्षातली सर्वांत मोठी दोन माणसं एका बाजूला असताना समितीने दुसरं ठरवलं आणि ते पाळलं गेलं, हे भारतीय पक्षांच्या इतिहासात विरळा आहे. जानेवारी 2018 मध्ये असंच झालं. सरचिटणीस सीताराम येचुरींची काँग्रेसशी संबंधांबाबतची भूमिका केंद्रीय समितीत 31 विरुद्ध 55 मतांनी हरली. पण त्या पक्षात अधिवेशनाचा राजकीय मसुदा दोन महिने आधी सगळ्या शाखांपर्यंत जातो आणि खालून दुरुस्त्या येतात. एप्रिलमध्ये हैदराबादच्या अधिवेशनात त्या मसुद्याचा संबंधित भाग बदलला गेला आणि येचुरी पुन्हा सरचिटणीस झाले. समितीच्या वरची सभा खरोखर वर असेल तर काय होऊ शकतं, याचं हे उदाहरण आहे. या पद्धतीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एकदा ठरलं की अल्पमताने बाहेर वेगळं बोलायचं नाही, असा तिथला दंडक आहे. लोकसभेचे अध्यक्ष असलेल्या सोमनाथ चटर्जींना 2008 मध्ये पक्षातून काढलं गेलं ते याच शिस्तीपायी.

इतर पक्षांत मतदान झालंच तर ते बहुधा भांडण हाताबाहेर गेल्यावर. आम आदमी पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने 4 मार्च 2015 ला योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना राजकीय व्यवहार समितीतून वगळलं ते 11 विरुद्ध 8 मतांनी. त्याच महिन्याच्या अखेरीस राष्ट्रीय परिषदेने त्यांना कार्यकारिणीतूनही काढलं. आठ मतं विरोधात पडली याचा अर्थ कार्यकारिणीत जिवंत मतभेद होता. पण अशी मोजणी झाली की त्यानंतर त्या खोलीत पूर्वीसारखं बसणं जमत नाही. म्हणूनच बहुतेक अध्यक्ष मतदान टाळतात. मला त्यांची अडचण कळते. तरी मोकळ्या मनाने सांगतो, अधूनमधून साध्या विषयांवर मतदान घेण्याची सवय असलेली समिती मोठ्या विषयावरच्या मतदानाने मोडत नाही.

अध्यक्ष मोठा की कार्यकारिणी? काँग्रेसच्याच इतिहासात दोन्ही बाजूंची उत्तरं आहेत. 1939 मध्ये सुभाषबाबू पट्टाभी सीतारामय्यांना दोनशेहून अधिक मतांनी हरवून अध्यक्ष झाले. कार्यसमितीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले आणि त्रिपुरीच्या अधिवेशनात ठराव झाला की नवी कार्यसमिती गांधीजींच्या इच्छेनुसार बनवावी. समिती बनवता येत नाही असा अध्यक्ष काम करू शकत नाही. एप्रिलअखेर सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. 1998 मध्ये तर निवडून आलेले अध्यक्ष सीताराम केसरी यांना कार्यसमितीनेच 14 मार्चला बाजूला केलं आणि सोनिया गांधींना अध्यक्ष केलं. हा अधिकार कुठला? काँग्रेसच्या घटनेत कार्यसमितीला विशेष परिस्थितीत पक्षहितासाठी योग्य वाटेल ते पाऊल उचलता येतं. ते तिच्या नेहमीच्या अधिकाराबाहेरचं असेल तर लवकरात लवकर महासमितीची मंजुरी घ्यावी लागते. एरवी फारसं कुणी न वाचलेलं हे उपकलम त्या दिवशी कामी आलं. पुढच्याच वर्षी, 20 मे 1999 ला, याच कार्यसमितीने शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांना सहा वर्षांसाठी काढलं. त्यातून 10 जूनला राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली आणि महाराष्ट्राचं राजकारण पुढची पंचवीस वर्षं त्या निर्णयाच्या सावलीत चाललं.

भाजपमध्ये वेगळा प्रवाह दिसतो. तिथे निर्णय लहान मंडळाकडे सरकत गेले. 1989 च्या पालमपूर बैठकीत राष्ट्रीय कार्यकारिणीने राममंदिराच्या मागणीला पाठिंब्याचा ठराव केला. पक्षाची पुढची दिशा कार्यकारिणीच्या ठरावातून ठरली. 2013 मध्ये गोव्यातल्या कार्यकारिणीच्या वेळी नरेंद्र मोदी प्रचार समितीचे प्रमुख झाले, पण पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून नाव जाहीर केलं ते 13 सप्टेंबरला संसदीय मंडळाने. भाजपच्या घटनेत कार्यकारिणी दर तीन महिन्यांनी भरावी असं आहे. कोविडच्या काळात मोठा खंड पडला आणि ती 7 नोव्हेंबर 2021 ला दिल्लीत भरली. तरीही काही निर्णयांना तिचा शिक्का लागतोच. तेव्हाचे अध्यक्ष जे. पी. नड्डांची मुदत जून 2024 पर्यंत वाढवण्याचा निर्णय जानेवारी 2023 च्या कार्यकारिणीत झाला.

उमेदवारीचं आणखी वेगळं. ती निवड समितीच्या बैठकीत ठरते असं आपण म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने ती ठरते ए-बी फॉर्मवर. ए फॉर्मने पक्ष सांगतो की आमच्या वतीने उमेदवार कळवण्याचा अधिकार अमुक माणसाला आहे, सोबत त्याच्या सहीचे नमुने असतात. बी फॉर्मवर तो माणूस उमेदवाराचं नाव कळवतो. दोन्ही फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती पडले पाहिजेत. सही शाईची हवी, शिक्का किंवा छापील सही चालत नाही. दिल्लीत कितीही मोठी समिती बसू दे, तालुक्याच्या कचेरीत त्या दुपारी विचारतात ते एवढंच: फॉर्म आहे का आणि सही जुळते का. सहीचा हा अधिकार कुणाकडून आला असं मागे-मागे शोधत गेलात की पक्षाच्या घटनेपाशी आणि तिने नेमलेल्या पदाधिकाऱ्यांपाशी पोहोचता.

आता फुटीबद्दल, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला तेच सर्वांत जास्त छळतं. जुनं उदाहरण 1969 चं. 1 नोव्हेंबरला दिल्लीत एकाच दिवशी काँग्रेस कार्यसमितीच्या दोन बैठका झाल्या, एक पक्षाच्या कार्यालयात अध्यक्ष निजलिंगप्पांची आणि दुसरी पंतप्रधानांच्या निवासस्थानी. दोन्ही बैठका स्वतःला कार्यसमितीच म्हणत होत्या. काही दिवसांत इंदिरा गांधींना पक्षातून काढल्याचं जाहीर झालं आणि त्यांच्या बाजूने महासमितीची स्वतंत्र बैठक बोलावली गेली. वाद निवडणूक आयोगाकडे गेला. 1968 च्या निवडणूक चिन्ह आदेशातला परिच्छेद 15 नेमका यासाठीच आहे. दोन गट आपणच पक्ष असल्याचं म्हणत असतील तर कोणता गट पक्ष आहे, की दोन्हीही नाहीत, हे आयोग ठरवतो. आयोगाने जगजीवनराम गटाच्या, म्हणजे इंदिरा गांधींच्या, बाजूने निर्णय दिला. 1971 मध्ये सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. तिथून तीन कसोट्या पुढे आल्या: पक्षाची उद्दिष्टं कोण पाळतंय, पक्षाच्या घटनेप्रमाणे कोण चाललंय, आणि संघटनेत व विधिमंडळात बहुमत कुणाचं.

या तिन्हींत तिसरीच निर्णायक का ठरते हे शिवसेनेच्या प्रकरणात दिसलं. 25 जून 2022 ला शिवसेना भवनात राष्ट्रीय कार्यकारिणी भरली आणि पक्षप्रमुखांच्या बाजूने ठराव झाले. पण आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 च्या निर्णयात म्हटलं की 2018 चे घटनाबदल आयोगाकडे नोंदलेले नाहीत आणि ती घटना लोकशाहीला धरून नाही, म्हणून घटनेची कसोटी लावता येत नाही. मग उरलं विधिमंडळातलं बहुमत. 55 पैकी 40 आमदार आणि 18 पैकी 13 खासदार शिंदे गटाकडे होते, म्हणून नाव आणि धनुष्यबाण तिकडे गेले. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्हिप, म्हणजे सभागृहात पक्षादेश काढणारा प्रतोद, नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाला नाही, राजकीय पक्षाला आहे. त्यामुळे पुढचा प्रश्न आपोआप आला: राजकीय पक्षाची इच्छा कुणाच्या तोंडून ऐकायची? विधानसभा अध्यक्षांनी 10 जानेवारी 2024 च्या निर्णयात 1999 ची नोंदलेली घटना ग्राह्य धरली. त्या घटनेनुसार राष्ट्रीय कार्यकारिणी सर्वोच्च आहे, एकट्या पक्षप्रमुखाचं मत म्हणजे पक्षाचं मत नव्हे, असं त्यांनी म्हटलं. या निर्णयांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि त्यांच्या योग्यायोग्यतेबद्दल लोकांची मतं टोकाची आहेत. त्या वादात मी शिरत नाही.

मला त्यातला कार्यालयीन भाग सांगायचा आहे, कारण तो सगळ्याच पक्षांना लागू आहे. बैठकीची नोटीस कुणाला, कधी, कशी पाठवली? सभासदांची त्या दिवशीची अधिकृत यादी कोणती? गणसंख्या, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, पुरी होती का? इतिवृत्त कुणी कायम केलं? घटनेत बदल केला तर तो आयोगाला कळवला का, पोच आहे का? पक्षांतर्गत निवडणूक खरोखर झाली की ‘बिनविरोध’ एवढाच शब्द लिहून फाइल बंद केली? हे प्रश्न निकालपत्रात येतात तेव्हा नेत्यांच्या सभा, गर्दी आणि निष्ठेच्या शपथा पुढे करून भागत नाही. निष्ठा खरी असते, हजारो लोकांनी घाम गाळलेला असतो आणि तरीही एक पोचपावती नसल्यामुळे ती निष्ठा सिद्ध करता येत नाही. कार्यकर्त्यांच्या दृष्टीने याहून मोठा अन्याय मला माहीत नाही. आणि तो टाळणं हे कारकुनी काम नाही, ते नेतृत्वाचं काम आहे.

याच कारणासाठी आयोग कायमस्वरूपी अध्यक्षाच्या कल्पनेला विरोध करतो. 2022 मध्ये आंध्रातल्या वायएसआर काँग्रेसच्या अध्यक्षांना तहहयात अध्यक्ष केल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आयोगाने असं पद मुळातच लोकशाहीविरोधी असल्याचं स्पष्ट केलं. पण पक्षाने नियमित निवडणूक घेतली नाही म्हणून त्याची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलेलं आहे. फसवणुकीने नोंदणी मिळवण्यासारखे अगदी मोजके अपवाद सोडले, तर आयोग विचारणा करू शकतो, पुढे काही करू शकत नाही. कायद्यातली ही पोकळी संसदेने भरावी असं मला वाटतं. ती भरेपर्यंत नियम पाळायला लावण्याचं काम पक्षाच्या सभासदांवरच आहे.

विचारणारा कार्यकर्ता तरुण आहे, म्हणून शेवटी त्याच्या उपयोगाचं. आपल्या पक्षाची घटना मिळवा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त पक्षांच्या घटना ठेवलेल्या आहेत. उद्दिष्टांचं पहिलं पान सोडा, ते सगळ्यांचं सुंदर असतं. कार्यकारिणीची कलमं उघडा आणि आधी बघा की बैठक बोलावण्याचा अधिकार कुणाला आहे आणि अध्यक्षाने ती बोलावलीच नाही तर ठरावीक संख्येने सभासद सह्या करून मागणी करू शकतात का. मग सभासद निवडलेले की नेमलेले ते पाहा आणि निवडलेले असतील तर मतदार कोण ते पाहा. त्यानंतर अध्यक्षाला दूर करण्याची तरतूद शोधा, काही घटनांत ती सापडणारच नाही. शेवटी घटनादुरुस्तीचं कलम, कारण बाकी सगळं त्यातून बदलता येतं. मग तुमच्या तालुका कार्यकारिणीची घटनेतली रचना वाचा आणि पुढच्या बैठकीत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवण्याची मागणी करा. वहीच नसेल तर ती त्याच दिवशी सुरू करून घ्या, हजेरीच्या सह्यांसकट.